ओसरतं ते पाणी, रोडावतो तो पट

प्रश्न : ताई, मी हडपसरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शिक्षण सगळं मराठीतून, पुढे डिप्लोमा. दर महिन्याला रिजेक्शनचा, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मालाचा, अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. गेल्या महिन्यात आम्ही एक फिक्श्चर (काम चालू असताना भाग धरून ठेवणारी चौकट) बदललं आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. मी लिहिलं, 'रिजेक्शन हॅज डिमिनिश्ड'. साहेबांनी शब्दाला लाल गोल केला आणि वर 'रिड्यूस्ड' लिहिलं. मुख्य ऑफिसातून कागद परत आला तर तिथे कुणी 'रिड्यूस्ड' खोडून 'डिक्रीज्ड' केलेलं. घरी येऊन कोश उघडला. डिक्रीज, रिड्यूस, डिमिनिश, लेसन, ड्विंडल, सगळ्यांपुढे एकच अर्थ : कमी होणे. मग एवढे शब्द कशाला? आणि माझं नेमकं चुकलं कुठे? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : मुख्य ऑफिसची दुरुस्ती पूर्ण बरोबर आहे, साहेबांची अर्धी. तुमचा शब्द इंग्रजीत आहे, चांगला आहे, पण तो रिजेक्शनला शोभणारा नाही. का, ते सांगते. त्याआधी उच्चाराचं एक सांगून टाकते, कारण मीटिंगमध्ये हा शब्द तोंडाने म्हणावा लागतो. आपण सगळे 'डिक्रीज' म्हणतो, पण शेवटी 'ज' नाही, 'स' आहे : डिक्रीस. 'इन्क्रीस'चंही तेच. क्रियापद असेल तर जोर 'क्री'वर द्यायचा आणि नाम असेल तर पहिल्या अक्षरावर. पुढे मी 'डिक्रीस'च लिहिणार आहे.

आता तुमच्या कोशातलं 'कमी होणे'. आपण घरात बोलताना हे दोन शब्द किती थोड्या वेळा वापरतो, जरा आठवून बघा. पूर ओसरतो. ताप उतरतो. सूज बसते. विहीर आटते. शाळेचा पट रोडावतो. तब्येत खालावते. गाडीचा वेग मंदावतो. राग निवळतो. 'ताप रोडावला' किंवा 'पट ओसरला' असं कुणी म्हटलं तर तिसरीतलं पोरही थांबून बघेल. जी वस्तू कमी होते तिची कमी होण्याची एक चाल असते. पाण्याची वेगळी, माणसांच्या संख्येची वेगळी, दुखण्याची वेगळी. ही चाल ओळखायला तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ती आईच्या बोलण्यातून कानात बसली आहे. इंग्रजांच्या कानातही तशीच बसलेली असते. म्हणून माझं सांगणं असं की, इंग्रजी शब्द शोधायला 'कमी होणे'पासून निघूच नका. हेच मी घरी मराठीत सांगितलं असतं तर कोणतं क्रियापद तोंडात आलं असतं, ते आधी पकडा.

तुमच्या रिजेक्शनला कोणतं येतं? 'घटलं' येतं. आकडा आहे, मोजलेला आहे, तो आधी मोठा होता, आता लहान झाला. त्यात ना दुःख, ना कौतुक. डिक्रीस तेवढंच सांगतो. लॅटिनमध्ये 'वाढणे' असं एक क्रियापद होतं, त्याला उलटा उपसर्ग लागून हा शब्द झाला; मोजता येईल अशा कशालाही तो चालतो.

रिड्यूस म्हणजे 'घटवणं'. यात कुणीतरी कर्ता असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा तसा इरादाही असतो. सरकार कर रिड्यूस करतं, आपण साखर रिड्यूस करतो. आता साहेबांचं वाक्य वाचा : 'रिजेक्शन हॅज रिड्यूस्ड'. रिजेक्शनने घटवलं? काय घटवलं? भारतात असं सर्रास लिहिलं जातं आणि आपल्याला ते समजतं, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला तिथे ठेच लागते. मुख्य ऑफिसात ज्याने कुणी ते खोडलं, त्याचा कान तयार आहे. मराठीत आपण ही गल्लत कधी करत नाही. 'रिजेक्शन घटलं' आणि 'आम्ही रिजेक्शन घटवलं' यांत एक 'व' जास्त आहे, आणि त्या 'व'मध्ये तुमचं फिक्श्चर आहे. तुम्ही महिनाभर खपून ते बदललं असेल तर अहवालात 'डिक्रीस्ड' तरी का लिहायचं? सरळ लिहा : 'वुई रिड्यूस्ड रिजेक्शन'. पुढे फिक्श्चरचं कारण द्या. ज्याने काम केलं त्याचं नाव वाक्यात कर्त्याच्या जागी यायला हवं, असं मला फार वाटतं.

रिड्यूस कर्त्याशिवाय बिनदिक्कत चालतो अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे स्वयंपाकघर. बासुंदीला म्हशीचं दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवलं, कडेला धरलेली साय पुन्हा पुन्हा आत मोडली, आणि तासाभराने पातेल्याच्या आतल्या बाजूला दूध आधी कुठवर होतं त्याची पांढरी रेघ दिसायला लागली की समजायचं, दूध आटतंय. इंग्रजी पाककृतीत याला 'लेट इट रिड्यूस' म्हणतात. इथे मराठीचं 'आटणं' तंतोतंत बसतं. पण सावध राहा, कारण हाच 'आटणं' पुढे आपल्याला फसवतो. विहीर आटली तर 'ड्राय अप'. नवं सुती कापड धुतल्यावर आटलं तर 'श्रिंक'. गाय आटली तर 'गॉन ड्राय'. आपल्या एका शब्दाला इंग्रजीत तीन-चार दारं आहेत. तेव्हा मराठी क्रियापद हे फक्त पहिलं पाऊल. त्याच्यामागचं चित्र डोळ्यांपुढे आणल्याखेरीज दुसरं टाकू नका.

डिमिनिश. 'मायनर', 'मिनिट' हे शब्द याचेच भाऊबंद, म्हणजे मुळात 'लहान करणं'. आकड्यापेक्षा जोर, महत्त्व, मान, मोल लहान होतं तिथे हा शब्द खुलतो. तुम्ही बारावीला कॉमर्सच्या मैत्रिणीचं पुस्तक चाळलं असेल तर त्यात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त असतो. तो इंग्रजीत 'डिमिनिशिंग'च आहे, आणि शब्द फार नेमका आहे. मे महिन्यात पाहुण्याला आमरसाची पहिली वाटी वाढा. दुसरी वाढा. तिसरीला तो नको नको म्हणतो. रस तोच, वाटी तीच, एकूण समाधानही थोडं वाढलेलंच असतं. पण दर वाटीमागे मिळणारं सुख आधीच्या वाटीपेक्षा लहान झालेलं असतं. हे लहान होणं म्हणजे डिमिनिश. आता 'रिजेक्शन डिमिनिश झालं' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, रिजेक्शनचा प्रभाव किंवा रुबाब ओसरला. ४ चे ३ झाले हे त्यातून उमटत नाही.

लेसन लवकर उरकते. जे सोसावं लागतं त्याला हा लावा : ओझं, दुःख, धोका, धक्का. मराठीत तिथे आपण 'हलकं होणं' म्हणतो.

ड्विंडलवर मात्र मला थांबायचंय. हा जुना इंग्रजी शब्द आहे, मूळ अर्थ झिजत जाणं, सुकत जाणं. एकदम नाही, हळूहळू. आणि शेवट दिसायला लागलेला असतो. याला मराठीत 'रोडावणं' आहे. 'रोड' म्हणजे कृश, हाडकुळा. दोन्ही भाषांना अंगावरचं मांस झडत जाताना दिसलं आणि दोघींनी ते संख्येला लावलं, हे मला विलक्षण वाटतं. मी सदाशिव पेठेतल्या ज्या मराठी शाळेत शिकले, तिथे आमच्या वेळी पाचवीच्या चार तुकड्या होत्या आणि बाकावर तिघी बसायचो. पुढे तीन झाल्या, मग दोन. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला गेले होते. एक तुकडी, आणि वर्गात मागचे बाक भिंतीला लावून ठेवलेले. याला 'डिक्रीस' म्हणायला माझी जीभ वळत नाही. पुण्याच्या सायकलींचंही तसंच झालं. सकाळी सातला लक्ष्मी रस्त्यावर नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. त्या रोडावल्या, ड्विंडल झाल्या. तुमचं रिजेक्शन शून्याच्या जवळ जाऊन पोचेल तेव्हा हा शब्द अहवालात चालेलही, पण सहसा ड्विंडलमध्ये हळहळ असते. म्हणून नको असलेल्या गोष्टीला तो लावताना विचार करा.

आता ज्यासाठी हे सगळं इतकं जिवाला लावून लिहितेय ते सांगते. शब्दांइतकीच, किंबहुना जास्त, त्यांच्या मागून येणारी अव्ययं, म्हणजे 'बाय', 'टू' यांसारखे छोटे शब्द, महत्त्वाची असतात. मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर एकतीस वर्षं उपसंपादक होते, निम्म्याहून जास्त रात्रपाळी. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी यायची, ती मराठीत करून पानात बसवायची. एका जुलैत खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं होतं. खडकवासला हे पुण्याजवळच्या चार धरणांच्या साखळीतलं सगळ्यात लहान धरण. चारही धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २ टीएमसीचा. वर पानशेत, वरसगाव भरत आले की खाली सोडल्याशिवाय गत्यंतर नसतं. रात्री एकच्या पुढे बातमी आली की विसर्ग कमी केला. समजायला गोल आकडे घेऊ. विसर्ग २०,००० क्युसेक होता आणि इंग्रजीत होतं 'रिड्यूस्ड टू ५,०००'. म्हणजे ५,००० वर आणला. मी घाईत लिहिलं, 'विसर्ग ५,००० क्युसेकने कमी'. पान सुटलं, शहर आवृत्ती छापली गेली.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. माझ्या एका 'ने'मुळे कागदावर नदीत ५,००० ऐवजी १५,००० क्युसेक वाहत राहिलं. सकाळी नदीकाठच्या वस्तीतून एका बापाचा फोन आला. रात्री महापालिकेच्या शाळेत हलवलेलं बिऱ्हाड त्याने बातमी वाचून परत आणलंच नव्हतं. दिवसाचा रोजगार बुडाला, मुलीची चाचणी बुडाली. आणि पाणी तर पहाटेच उतरलं होतं. तो चिडला नव्हता, नुसतं विचारत होता, नेमकं किती सोडलंय ते सांगा. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, चार ओळींची. चूक उलट्या बाजूने झाली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही गेलेला नाही. तेव्हापासून 'बाय' दिसला की मी 'ने' लिहिते आणि 'टू' दिसला की 'वर' किंवा 'पर्यंत'. आणि आधीचा आकडा माहीत असेल तर तोही देते : वीसवरून पाचवर. 'फ्रॉम' आणि 'टू' दोन्ही दिले की वाचणारा चुकूच शकत नाही.

त्याच रात्रीची बातमी मी नंतर कितीतरी नव्या मुलांना डेस्कवर शिकवायला वापरली, कारण तिच्यात कमी होण्याच्या सगळ्या तऱ्हा एकत्र होत्या. घाटमाथ्यावर पावसाचा जोर ओसरला : तिथे 'अबेट' किंवा 'ईज'. पाटबंधारे खात्याने विसर्ग घटवला : 'रिड्यूस'. नदीची पातळी उतरली : 'फॉल'. भिडे पुलावरचं, रस्त्यावरचं पाणी मागे हटलं : 'रिसीड', ज्याचा मूळ अर्थच मागे जाणं. आणि पूर म्हणून जी काही परिस्थिती होती ती निवळली : 'सबसाइड'. पाचही ठिकाणी 'कमी झाला' लिहिता आलं असतं, आणि एकही चित्र उभं राहिलं नसतं. माझी आई १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा शनिवार पेठेत होती. ती सांगायची, पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ आणि भिंतीवर एक रेघ. 'पाणी कमी झालं' असं ती एकदाही म्हणाली नाही.

शेवटचं, तुमच्या टक्क्यांबद्दल. ४ चे ३ झाले म्हणजे किती घटलं? 'डिक्रीस्ड बाय १ पर्सेंट' लिहिलंत तर कडक वाचणारा म्हणेल, ४ चा एक टक्का म्हणजे ०.०४. प्रत्यक्षात घट एका टक्केबिंदूची आहे, इंग्रजीत 'पर्सेंटेज पॉइंट'; आणि मूळ आकड्याच्या तुलनेत ती २५ टक्के आहे. दोन्ही खरं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ केला तेव्हा इंग्रजी बातम्यांत '२५ बेसिस पॉइंट्स' (बेसिस पॉइंट म्हणजे टक्केबिंदूचा शंभरावा भाग) होतं ते याच घोळाला टाळण्यासाठी. आपण त्याला पाव टक्का म्हणतो. तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं : 'वुई रिड्यूस्ड रिजेक्शन फ्रॉम ४ पर्सेंट टू ३ पर्सेंट'. आणि नाम वापरायचं झालं तर कशात घट झाली त्याला 'इन', किती झाली त्याला 'ऑफ' : 'अ डिक्रीस इन रिजेक्शन', 'अ डिक्रीस ऑफ वन पर्सेंटेज पॉइंट'.

प्रश्न : मी चिंचवडला एका कारखान्यात टर्नर होतो, आता निवृत्त. बायकोच्या कागदावर डॉक्टरांनी गोळ्यांपुढे 'टेपर' लिहिलंय. लेथवर आम्ही टेपर टर्निंग करायचो, तो शब्द मला ठाऊक आहे. गोळीचा टेपर म्हणजे काय? बायकोला बरं वाटतंय, ती म्हणते बंदच करू. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : बंद करू नका. तुम्हाला हा शब्द माझ्यापेक्षा चांगला कळेल, कारण तुम्ही तो हाताने केलाय. दांड्याचा व्यास एका टोकाकडून दुसऱ्याकडे एकसारखा उतरत जातो, मध्ये पायरी येत नाही, तो टेपर. पायरी आली की ते स्टेप टर्निंग. 'टेपर' म्हणजे मुळात मेणाची बत्ती. टोकाकडे निमुळती होत जाते म्हणून त्यावरून हे क्रियापद झालं. डॉक्टरांना तेच सांगायचंय : गोळी एका दिवशी तोडायची नाही, ठरवून दिलेल्या टप्प्यांनी निमुळती करत न्यायची.

हे सहसा स्टेरॉइडच्या गोळ्यांबाबत लिहितात. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं कॉर्टिसोल बनवतात. बरेच आठवडे ते गोळीतून मिळत राहिलं की ग्रंथी आपलं काम मंदावतात. गोळी अचानक थांबवली तर ग्रंथी जाग्या व्हायला वेळ लागतो आणि मधल्या दिवसांत माणूस गळून जातो, रक्तदाब उतरतो, प्रसंगी जिवावर बेततं. बरं वाटतंय हे गोळीचं काम चालू असल्याचंही लक्षण असू शकतं. कोणत्या आठवड्यात किती, हे कागदावर स्पष्ट नसेल तर आज डॉक्टरांना फोन करून विचारा आणि कॅलेंडरच्या चौकटीत तारखेखाली लिहून ठेवा.

याच कागदावर आणखी दोन शब्द भेटतील. 'स्वेलिंग सबसाइडेड' म्हणजे सूज बसली. लॅटिनमध्येही या शब्दाच्या पोटात 'खाली बसणं'च आहे, आणि त्यातलं 'बसणं' संस्कृतच्या 'सद्' धातूशी नातं सांगतं, ज्यातून आपलं 'सदन' आलं. आपली सूज बसते, धूळ बसते, भूकंपात जमीन बसते. तिथेही इंग्रजीत सबसाइड किंवा त्याच्या जवळचाच शब्द येतो. दुसरा 'पेन अबेटेड', म्हणजे कळा शमल्या. दोघांत फरक एवढाच धरा की सबसाइडमध्ये वर आलेलं काहीतरी खाली बसतं आणि अबेटमध्ये जोर मोडतो. वहिनींना लवकर बरं वाटो.

प्रश्न : इंग्रजी 'वेन' आणि आपलं 'ऊन', म्हणजे उणे, हे एकाच मुळाचे आहेत असं शाळेत सहशिक्षकांकडून ऐकलं. मुलांना सांगू का? (संस्कृतच्या शिक्षिका, नारायण पेठ)

उत्तर : जरूर सांगा, हे पक्कं आहे. ऐकायला एकसारखं म्हणून जोडलेलं हे नातं नाही. जुन्या इंग्रजीत 'वन' म्हणजे उणा, कमी असलेला. त्यावरून 'वेन', उणं होत जाणं. संस्कृतचा 'ऊन', लॅटिनचा 'वानुस' म्हणजे रिकामा, आणि 'हवं असणं' या अर्थाचा इंग्रजी 'वाँट' ही सगळी एकाच कुळातली भावंडं. वाँटचाही मूळ अर्थ उणीव असणं, हवंसं वाटणं नंतर आलं. मुलांना फळ्यावर 'एकोणीस' लिहून फोडून दाखवा : एकाने ऊन अशी वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे तोच 'ऊन' बसलाय. उणीव, उणंदुणं, गणितातलं उणे, तेही तिथलेच. अंगावर पडणारं ऊन मात्र 'उष्ण'वरून आलेलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे आवर्जून सांगा, नाहीतर चुणचुणीत मुलं हमखास जोडतील.

वेनचं आपलं घर म्हणजे चंद्र. वद्य पक्षातला चंद्र 'वेन' होतो. संकष्टीला आपण उपास सोडायला चंद्रोदयाची वाट बघतो, आणि तो रात्री उशिरा उगवतो, कारण पौर्णिमा होऊन गेलेली असते आणि चंद्र रोज मागे पडत उणा होत चाललेला असतो. त्या रात्री मुलांना गच्चीवर नेऊन दाखवता आलं तर शब्द जन्मभर विसरणार नाहीत. चंद्रावरून पुढे सत्ता, लोकप्रियता, उत्साह यांनाही वेन लागतो. आपणही नेमकं तेच केलंय : 'उतरती कळा'. कळा हा चंद्राच्या सोळा भागांचा शब्द. पेशवाईला उतरती कळा लागली म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या ध्यानात नसेना का, भाषेच्या ध्यानात चंद्र असतो.

प्रश्न : वडिलांचा मार्केटयार्डात गाळा आहे. मी ग्राहकांना इंग्रजीत बाजारभावाचे मेसेज पाठवतो. रोज 'रेट डिक्रीस्ड' लिहून कंटाळलो. आणि डिप्रिशिएट आणि डिव्हॅल्यूमध्ये फरक काय? (एक वाचक, गुलटेकडी)

उत्तर : वडिलांच्या गाळ्यावर दिवसभर जे कानावर पडतं तेच इंग्रजीत आहे. कांदा नरमला : 'ईज्ड' किंवा 'सॉफन्ड'. उतरला : 'केम डाउन'. घसरला : 'स्लिप्ड'. गडगडला, म्हणजे धोंडा उतारावरून गडगडत जावा तसा : 'टम्बल्ड'. कोसळला : 'क्रॅश्ड'. पायरी मात्र सांभाळा. चार-आठ आणे इकडेतिकडे झाले आणि तुम्ही 'क्रॅश्ड' पाठवलंत तर पुढच्या वेळी खरंच कोसळला तरी कुणी मेसेज उघडणार नाही.

दुसरा फरक हडपसरच्या ताईंना सांगितला तोच आहे. बाजारात आपोआप उतरतो तो रुपया डिप्रिशिएट होतो; सरकार ठरवून उतरवतं तेव्हा डिव्हॅल्यू, अवमूल्यन. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांचा एका रात्रीत ७.५० चा झाला, ते अवमूल्यन. डिप्रिशिएशन तुमच्या हिशेबाच्या वहीतही असतं, गाळ्यातल्या वजनकाट्याचं, टेम्पोचं. तिथे आपला शब्द घसारा. वापरून वापरून वस्तू घासली जाते, मोल उतरतं. जमाखर्चाला इतका दिसणारा शब्द मला दुसरा माहीत नाही.

प्रश्न : नातवाने मोबाइल घेऊन दिला. फोन आला की खाली 'डिक्लाइन' दिसतं, म्हणजे नको म्हणणं. आणि परवा वर्तमानपत्रात एका मोठ्या गायकांबद्दल 'डिक्लाइनिंग हेल्थ' वाचलं. तब्येत नको म्हणते की काय? वय ७८, उत्सुकता म्हणून विचारते. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आजी, दोन्हींच्या मुळाशी एकच हालचाल आहे : कलणं, झुकणं. समोरून आलेल्या गोष्टीपासून बाजूला कललं की नकार. वरून खाली कलत गेलं की ऱ्हास. पण यात धाडकन पडणं नाही, उतार आहे, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच आकडेशास्त्रात वर्षानुवर्षं हळूहळू खाली येणाऱ्या आकड्यालाही डिक्लाइन म्हणतात, मग ती बालमृत्यूंसारखी आनंदाची घट का असेना. आपल्याकडे उन्हं कलतात, दिवस कलतो. इंग्रजीत 'डिक्लाइनिंग इयर्स' म्हणतात त्याला तर आपल्याकडे थेट शब्दच आहे, उतारवय. कात्रजचा घाट उतरताना गाडी जशी ब्रेकवर सावकाश येते, तसा तो शब्द मला वाटतो. आणि नातवाचा फोन आला तर हिरवं दाबा, लाल नको.